सकाळचं संकलन

इंगळीच्या दूध संस्थेचं शटर पाचला वर केलं,
काट्याचं शून्य तपासलं, फॅट मशीन तापत ठेवलं
आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.
पंखा फिरला.
काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
बूट डिव्हाइस सापडत नाही.

नवी हार्ड डिस्क काल रात्री मीच बसवली होती.
जुनी महिनाभर टकटकत होती,
अडकित्त्यात सुपारी अडकावी तशी.
तिच्यावरचं सगळं उतरवून घेतलं होतं:
चारशे बारा सभासद, कुणाची उचल,
कुणाच्या नावावर पेंडीची पोती.
अकराला मशीन चालू झालं.
मी झाकण लावलं, मेन स्विच बंद केला,
घरी जाऊन गार भाकरी खाल्ली.

बाहेर किटल्या टेकल्याचे आवाज.
"काय सचिव, उठंना व्हय?"
"च्या पाजा की तिला."
"जुनंच बरं हुतं."
मी सचिव झालो तेव्हाही हेच म्हणाले होते.

झाकण काढलं. वायर उपसून पुन्हा खोचली,
दुसऱ्या खाचेत लावली, परत पहिल्या.
डिस्कवर बोट ठेवलं तर आत गुणगुण चालू.
ही जागी आहे.
हिला कुणी हाक मारत नाही एवढंच.

शाहूपुरीतल्या इर्शाद मुजावरला फोन लावला.
घोगरा, अंथरुणातला आवाज:
"चालू करताना डिलीट दाबत ऱ्हा. सोडू नगंस."
दाबत राहिलो. पडदा निळा झाला.
मशीन कुणाकुणाला हुडकत होतं त्याची यादी:
आधी फ्लॉपी, जी मी आयुष्यात एकदा पाहिली,
मग सीडी, मग नेटवर्कची वायर,
जी उंदरानं गेल्या दिवाळीत खाल्ली.
नवी डिस्क सगळ्यांत खाली,
लग्नात शेवटच्या पंगतीला बसावी तशी.
तिला वर आणलं. सेव्ह केलं.
चार रंगांची खिडकी उमटली
आणि लाइट गेली.

सात मिनिटांनी आली.
तीच काळी पाटी, तीच पांढरी ओळ.

"डिस्कला बोल लावू नगंस," इर्शाद म्हणाला,
आता पुरता जागा.
"त्या निळ्या पडद्यावर तारीख काय हाय?"
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
"मग बोर्डावरचा सेल गेलाय.
लाइट गेली की त्याला काय बी आठवत न्हाई.
रात्री मेन बंद केलावतास न्हवं?"

केला होता. रोजच करतो.

बटणाएवढा सेल.
कोल्हापूरची दुकानं दहाला उघडणार,
रांग पतसंस्थेच्या पायरीला टेकलेली,
दुधाचा टँकर साडेसातला.
शिदगोंडा आण्णांनी सेल हातात घेऊन
उजेडाकडं धरला, नातवाला घरी पिटाळलं.
पोरानं आणलं साखर तपासायचं मशीन.
सगळा जन्म उसात काढलेल्या माणसानं
नखानं त्याचं मागचं झाकण उघडलं.
"तसलाच हाय बघ. घाल.
आजच्या दिवस माझी साखर देवाला म्हाईत."

घातला. यादी पुन्हा लावली.
मुद्दाम मेन बंद करून चालू केला.
उठलं.

घाईत पहिली पावती फाडली
आक्काताई बेलेकरांची: चार लिटर दोनशे,
फॅट सहा पॉइंट आठ.
त्यांनी चष्मा चढवला.
"दर लई खाली आलाय की रं."
बघतो तर वर तारीख दोन हजार नऊची,
आणि मशीननं इमानानं
त्याच वर्षाचा दर काढलेला.

"ह्या दरात माझी रंगी दूध द्यायची," म्हणाल्या,
"दोन्ही टायमाला. लाथ न्हाई, काय न्हाई."

मी म्हटलं, आणा इकडं, दुसरी देतो.
त्यांनी पावतीची घडी घालून कनवटीला लावली.
"दुसरी दे. ही ऱ्हाऊ दे."

मी तारीख बदलली.
पुढची किटली काट्यावर आली.